वाटेवर बसलेली कुत्री : एका निवृत्त हवालदाराचं प्रकरण

दापोली तालुक्यातल्या एका वाडीतले हे गृहस्थ सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. वय सत्तेचाळीस. गावात त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात. आपल्याकडे फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तेव्हा मीही इथे मेजरच म्हणेन. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीने बदलले आहेत. कुत्रीचं ‘चिंगी’ हे नाव तेवढं खरं ठेवलंय, कारण मेजरांची तशी अट होती.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. औषधं लिहीत नाही. ती मानसोपचारतज्ज्ञांनी दिली. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हल्ली ‘कुत्रा पाळा, टेन्शन जाईल’ असा सल्ला फिरतो, सोबत एखादा अमेरिकेतला व्हिडिओ. त्यात काहीच तथ्य नाही असं नाही. पण जे आहे ते कुत्रा पाळण्यात थोडं आणि कुत्र्याला शिकवण्यात बरंच आहे. शिवाय तोच कुत्रा माणसाचा आजार पोसूही शकतो, आणि हे त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही.

आले तेव्हाची स्थिती

दापोलीला फौजी माणूस नवा नाही. इंग्रजांच्या काळात इथे पेन्शनर शिपायांची वस्ती होती, पत्त्यात अजून ‘कॅम्प दापोली’ लिहितात. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ इथेच होते. पण फौजी रात्री झोपतो कसा, हे या गावांत कुणी कुणाला विचारत नाही.

मेजरांनाही कुणी विचारलं नव्हतं. ते आले रक्तदाबासाठी. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेतल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, दाब काही उतरेना, झोपेचं विचारलं तर वहिनीच बोलायला लागल्या. मेजर रात्री दोनच्या सुमारास उठतात, टॉर्च आणि कोयता घेऊन कलमांच्या बागेला वळसा घालतात, परत येऊन पुढच्या-मागच्या दाराच्या कड्या तपासतात, पुन्हा आडवे होतात आणि पुन्हा उठतात. एसटीत दाराजवळची सीट मिळाली नाही तर उतरून पुढच्या गाडीची वाट बघतात. गणपतीत आरतीला बाहेर पडवीत उभे. शिमग्यात पालखी वाडीत यायच्या आधीच शेतावर निघून जातात. कॅन्टीनच्या रमचा कोटा महिना अर्धा व्हायच्या आत संपतो.

सगळ्यात वाईट काळ आंब्याचा. फळ धरलं की माकडं हाकलायला जो तो बागेत सुतळी बॉम्ब लावतो, नाहीतर पाइपची कार्बाइड बंदूक उडवतो. एका एप्रिलमध्ये शेजारच्या बागेत असा बार झाला आणि मेजर जेवणाच्या ताटावरून उठून थेट चुलीमागे जाऊन बसले. नववीतली मुलगी समोर होती. त्या दिवसापासून ती वडिलांशी जपून बोलायला लागली, आणि मेजरांना सगळ्यात जास्त तेच लागलं होतं.

मूळ घटना राष्ट्रीय रायफल्समधल्या काश्मीरच्या नेमणुकीतली. रोड ओपनिंग पार्टी म्हणजे ताफा जाण्याआधी पहाटे रस्ता पायी तपासणारी तुकडी. पुढे श्वानपथकाचा लॅब्रॅडोर आणि त्याचा हँडलर, मागे अंतर ठेवून बाकीचे. स्फोटकं शोधणारा कुत्रा वास लागला की भुंकत नाही, खरवडत नाही. गुपचूप खाली बसतो. तीच खूण. त्या दिवशी कुत्रा एका मोरीपाशी बसला, सगळे जागच्या जागी थांबले, आणि स्फोट झाला तो मागच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष नव्हतं तिथे. मेजरांच्या सेक्शनमधले दोघे गेले. ‘कुत्र्याची काय चूक नव्हती,’ असं मेजर मला पहिल्याच भेटीत दोनदा म्हणाले. तो बसला होता ती जागाही बरोबर होती.

पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार. हे निदान 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात आलं, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या मागणीचा त्यात मोठा वाटा होता. आज लक्षणं चार गटांत बघतात: घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, तिची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, मन आणि विचार काळवंडणं, आणि शरीर सतत सावध राहणं. मेजरांकडे चारही होती. पीसीएल-5 या प्रश्नावलीत वीस प्रश्न असतात, गुण 0 ते 80, आणि साधारण 31 ते 33 च्या वर गेलं की पीटीएसडीची शक्यता धरून पुढे तपासतात. मेजरांचे गुण पन्नासच्या पुढे होते.

सर्ट्रालिन हे नैराश्य-चिंतेवरचं औषध सुरू झालं. ज्या उपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे तो म्हणजे आघातावर थेट काम करणारं बोलणं, विशेषतः प्रोलाँग्ड एक्स्पोजर: टाळलेल्या आठवणीकडे आणि टाळलेल्या जागांकडे पायरी-पायरीने, ठरवून परत जायचं. मी ते समजावलं. मेजर ‘बरं’ म्हणाले आणि यायचे बंद झाले. कुणीतरी त्यांना ‘आता रत्नागिरीला नेणार वाटतं’ म्हणालं होतं. तिथल्या मनोरुग्णालयामुळे कोकणात हे बोलणं ऐकवायला कुणी मागेपुढे बघत नाही.

चिंगी

दिवाळीनंतर मुलीने हर्णै बंदरावरून एक पिल्लू उचलून आणलं. संध्याकाळी मासळीचा लिलाव संपला की तिथे टोपल्यांच्या, जाळ्यांच्या आडोशाला गावठी पिल्लांची झुंबड असते, त्यातलीच ही एक. तांबूस, पुढचा एक पाय पांढरा, पोट जंतांनी फुगलेलं. आजीने फर्मान काढलं, ‘आत देव हायत, कुत्रा उंबऱ्याच्या बाहेर.’ मेजर काहीच बोलले नाहीत. पण पशुवैद्यकीय दवाखान्यात जंताचं औषध द्यायला तेच घेऊन गेले आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजच्या लशीलाही तेच.

महिनाभराने ते माझ्याकडे आले ते स्वतःसाठी नव्हे. ‘ही ऐकत नाही,’ म्हणाले. त्यांनी शिकवायला सुरुवात केली होती, कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात. पिल्लू आडवं होऊन मुतायचं, आणि ते बघून मेजरांना स्वतःचाच राग यायचा.

मला कुत्र्यांतलं जेमतेम कळतं. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले खेडकडचे एक हँडलर ओळखीचे होते, त्यांच्याशी मेजरांची गाठ घालून दिली. त्या भेटीत मी नुसता बसून होतो. हँडलरने आधी पाच मिनिटं पिल्लाकडे बघितलंच नाही, मेजरांकडे बघत होते. मग म्हणाले, ‘मेजर, श्वास सोडा आधी. तुम्ही श्वास धरलाय म्हणून ती घाबरलीये.’ सुकटीची एक चिमूट हातात घेतली, मूठ पिल्लाच्या नाकावरून हळूच मागे नेली. डोकं वर गेलं तसं ढुंगण आपोआप खाली टेकलं. टेकताक्षणी ‘शाब्बास’, आणि सुकट तोंडात. शब्द एका सेकंदाच्या आत आला पाहिजे, नाहीतर कुत्र्याला वाटतं आपण कान हलवला त्याचं बक्षीस मिळालं. एका वेळी चार-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. खारवलेली सुकी मासळी नको. रागावलात तर शिकवणं तिथेच थांबवायचं आणि निघून जायचं. शब्द त्यांनी ‘सिट’ वापरला होता. मेजर म्हणाले, मी ‘बस’ म्हणणार.

या साध्या नियमांकडे मानसोपचाराच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते भलतेच ओळखीचे वाटतात. स्वतःचा श्वास आणि आवाज आधी खाली आणायचा. लक्ष आत्ताच्या क्षणावर, समोरच्या जिवाच्या कानांवर, शेपटीवर. राग चढतोय हे चढताना ओळखायचं. थोडं करायचं, रोज करायचं. मी हेच महिनाभर सांगत होतो आणि मेजर ऐकून घेत होते. कुत्रीने ते त्यांच्याकडून करून घेतलं, कारण न केल्यास तिचं उत्तर लगेच मिळत होतं. पंधरवड्याने मुलगी आईला म्हणाली, ‘पप्पा आता माझ्याशी पण चिंगीच्या आवाजात बोलतात.’

पण ‘बस’ शिकवणं सोपं गेलं नाही. घरासमोरच्या खळ्यात सगळं ठीक होतं. एका सकाळी पाणंदीतून चालताना चिंगी पुढे गेली, वाटेवरचं काहीतरी हुंगलं आणि आपणहून खाली बसली. मेजर थिजले. हातातली दोरी सोडून ते मागे सरकत गेले, गडग्याला पाठ लागेपर्यंत. चिंगी परत आली, बघून पुन्हा समोर बसली, कारण बसलं की सुकट मिळते एवढंच तिला ठाऊक.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मूळ घटना उघडपणे आमच्यात आली. त्रासाची 0 ते 100 अशी पट्टी आपण एक्स्पोजरमध्ये वापरतो; ‘वाटेवर कुत्रं आपणहून बसणं’ याला त्यांनी नव्वद दिले. कार्बाइड बंदुकीलाही इतके दिले नव्हते. तिथून उपचाराची शिडी बांधली. आधी खळ्यात चिंगी बसलेली असताना तिच्याकडे पाठ न फिरवता उभं राहायचं, त्रास निम्म्यावर उतरेपर्यंत. मग गडग्याशी. मग पाणंदीत, वहिनी सोबत. मग एकट्याने, आणि ती बसली की तिथपर्यंत चालत जाऊन तिच्या शेजारी उकिडवं बसायचं, जमिनीला हात लावायचा. हे सगळं माझ्या खोलीत बसून झालं नसतं. आणि ‘चला, आज पाणंदीत आठवणीला सामोरे जाऊ’ असं म्हटलं असतं तर मेजर आलेही नसते. कुत्रीला फिरवायचं तर होतंच.

परदेशातलं संशोधन इथे किती लागू

अमेरिकेत याचा बराच अभ्यास झालाय. आधी पर्ड्यू आणि नंतर ॲरिझोना विद्यापीठात गेलेल्या मॅगी ओ’हेअर यांच्या गटाने फ्लोरिडातल्या के-नाइन्स फॉर वॉरियर्स या संस्थेबरोबर काम केलं. 2024 साली जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात 156 जण होते. 81 जणांना प्रशिक्षित सर्व्हिस डॉग, म्हणजे आजारी माणसाच्या मदतीची ठराविक कामं शिकवलेला कुत्रा, मिळाला, 75 प्रतीक्षायादीत. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेल्यांत पीटीएसडीची लक्षणं, नैराश्य, चिंता कमी दिसली, आणि तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या निदानात पीटीएसडी टिकून असण्याची शक्यताही बरीच कमी. मात्र कुणाला कुत्रा द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, आणि नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालू होते.

दुसरीकडे अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने स्वतः केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित सर्व्हिस डॉग आणि नुसता सोबतीचा कुत्रा यांची तुलना झाली. रोजचं जगणं किती सुरळीत चाललंय या मोजमापात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. लक्षणांत सर्व्हिस डॉगकडे थोडंसं पारडं झुकलं. तिसरी वाट मला आपल्यासाठी जास्त विचार करण्यासारखी वाटते. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला पीटीएसडी असलेल्या सैनिकांनीच दुसऱ्या जखमी सैनिकांसाठी पिल्लं शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. कुत्रा त्यांना ठेवायचा नव्हता, शिकवून द्यायचा होता. 2021 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत झालेल्या पॉज कायद्याने अशाच शिकवण्याच्या उपक्रमाला माजी सैनिकांच्या पाच रुग्णालयांत प्रायोगिक जागा दिली.

आपल्याकडे चित्र वेगळं. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरकडे लष्करी कुत्री घडवण्याची मोठी परंपरा आहे, पण ते कुत्रे कामगिरीसाठी. पीटीएसडीच्या माणसाला सोबत घेऊन एसटीत चढता येईल असा कुत्रा ही गोष्टच आपल्या व्यवहारात नाही. रेल्वेत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यात पिंजऱ्यात टाका. तेव्हा अमेरिकेतला निष्कर्ष उचलून हर्णैच्या पिल्लावर चिकटवण्यात अर्थ नाही. चिंगी सर्व्हिस डॉग नव्हती आणि मी तिला कधी तसं म्हटलेलं नाही.

आवाज आणि रात्र

आंब्याचा हंगाम तोंडावर आला तेव्हा मेजर एक दिवस सहज म्हणाले, ‘चिंगीला बारांचा त्रास होतो, म्हणून मी दुपारी तिच्याजवळ आतच बसतो.’ ऐकायला गोड, आणि खोटंही नव्हतं. बहुतेक कुत्री फटाक्यांना घाबरतातच. पण टाळण्याला आता एक देखणं कारण मिळालं होतं. म्हणून काम दोघांचं एकदमच काढलं. मुलीने शेजारच्या बागेतले बार मोबाइलवर रेकॉर्ड केले. मेजरांनी अगदी बारीक आवाजात ते लावायचे आणि चिंगीसमोर सुकट ठेवायची. ती खात राहिली तर दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वर. खाणं थांबवून कान मागे टाकले तर आवाज खाली. मेजरांना सूचना एकच होती: स्वतःकडे बघू नका, तिच्या कानांकडे बघा. आवाजाचं बटण त्यांच्या हातात होतं, हेही महत्त्वाचं. स्फोट कधी होणार हे पहिल्यांदाच त्यांना आधी माहीत असायचं.

एप्रिलमध्ये खरे बार सुरू झाले तेव्हा ते दचकले. दचकणारच. पण जेवण अर्धं टाकून उठले नाहीत, असं वहिनींनी कळवलं.

रात्रीची स्वप्नं मात्र हटत नव्हती. डॉक्टरांनी प्राझोसिन सुरू केलं. कोकणात हे औषध विंचवाचं म्हणून ओळखतात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर ते वापरून कितीतरी जीव वाचवले. दापोलीच्या औषध दुकानदाराने चिठ्ठी बघून ‘मेजर, विंचू कधी चावला?’ असं विचारलं म्हणे. वाईट स्वप्नांवर त्याचा उपयोग पूर्वी खात्रीने सांगत, पण 2018 साली माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरी काहींना लागू पडतं. मेजरांना थोडं पडलं.

सर्व्हिस डॉगना स्वप्नातून उठवायला शिकवतात, हे मेजरांनी व्हिडिओत पाहिलं होतं. त्यांनाच ते चिंगीला शिकवायचं होतं. हँडलरने सांगितलेली पद्धत अशी: दिवसाढवळ्या पडवीत चटईवर झोपायचं, स्वप्नात जसे हातपाय झाडतो तसे झाडायचे, पुटपुटायचं, चिंगीने नाकाने ढोसलं की शेजारी बसलेल्या माणसाने ‘शाब्बास’ म्हणून सुकट द्यायची. म्हणजे मेजरांना स्वतःच्या वाईट स्वप्नाचं नाटक करायचं होतं, आणि शेजारी बसणार होत्या वहिनी.

पहिल्या वेळी ते नुसतेच पाय हलवत पडून राहिले. वहिनी म्हणाल्या, ‘असं नाही करत तुम्ही.’ मग कसं करतो, विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘तुम्ही पुटपुटत नाही. दोन नावं घेता. मग “बैठ गया, बैठ गया” म्हणून ओरडता.’ इतकी वर्षं त्या हे ऐकत होत्या आणि त्यांना वाटायचं, कुठलीतरी इमारत खचली असेल. कोण बसला हो, असं त्यांनी त्या दुपारी विचारलं, आणि पडवीत, कुत्री मध्ये घेऊन, मेजरांनी बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. माझ्यासमोर हे घडलेलं नाही. नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही हकिकती जुळल्या. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये आठवण मोठ्याने, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची असते. पुढच्या भेटीत मेजरांनी ती मला तशी सांगायला सुरुवात केली, आणि खरा उपचार, माझ्या मते, तिथून लागू पडला. चिंगी स्वप्नातून उठवायला शिकली का? अर्धीमुर्धी. कधी उठवते, कधी शेजारी घोरत पडते.

पावसाळ्यातली घसरण

जुलैमध्ये वाडीत बिबट्या आला. शेजाऱ्यांचा कुत्रा खळ्यातून नेला, सकाळी साखळी तेवढी राहिली होती. कोकणात कुत्रं पाळणाऱ्याला हे नवं नाही. मेजरांनी त्या रात्रीपासून पुन्हा टॉर्च आणि कोयता काढला, आता सोबत साखळीला चिंगी. पावसात, इरलं पांघरून, पहाटेपर्यंत. ती पानाच्या सळसळीला भुंकायची, हे उठायचे; हे उठले की ती आणखी भुंकायची. दोघांनी एकमेकांना जागं ठेवायचा चांगला जम बसवला होता. गोचिडांनी तिला ताप आला, इंजेक्शनं झाली, त्या काळजीने रमही परत वाढली. पीसीएल-5 चा आकडा जवळजवळ पहिल्या ठिकाणी गेला.

ज्या धोक्याबद्दल सुरुवातीला लिहिलं तो हा. सैनिकाचा कुत्रा ‘पाठ राखतो’, कोपऱ्यापलीकडे आधी बघून येतो, असं कौतुकाने दाखवतात. पण पाठीमागे शत्रू आहे हा समजच ज्याचा आजार, त्याला पहारेकरी मिळाला की समज पक्का होतो. अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी सर्व्हिस डॉगच्या अशा कामांवर हीच शंका घेतली आहे. मला ती रास्त वाटते.

अडचण अशी की बिबट्या खरा होता. ‘भीती मनातली आहे’ असं म्हणायची सोय नव्हती, आणि म्हटलं असतं तर मेजरांनी माझ्यावरचा विश्वास गमावला असता, योग्यच. मग प्रश्न वेगळा ठेवला: या धोक्यासाठी पुरेसं किती? कुत्रं रात्री उघड्यावर ठेवू नका, उजेड ठेवा, घराभोवती उष्टं-खरकटं टाकू नका, असं वनखातंही सांगतं. म्हणजे दिवेलागणीला चिंगीचं जेवण, खळ्यातला दिवा चालू, चिंगी आत, दार एकदा बंद. एकदाच. त्यानंतर जे होईल ते बिबट्यासाठी नव्हे, काश्मीरसाठी होतं, हे मेजरांनीच वाक्य केलं. चिंगीला ‘जागेवर’ हा शब्द शिकवला, माजघराच्या कोपऱ्यात जुन्या घोंगडीवर. आजीशी बोलणी मुलीने केली. देवघराचं दार रात्री लोटून घ्यायचं, या अटीवर परवानगी मिळाली.

पहिल्या काही रात्री मेजर कडीपर्यंत जाऊन परत यायचे. कुत्री मात्र दोन-तीन दिवसांतच घोंगडीवर पसरली, कारण तिचा पहारा मुळात मेजरांनीच लावलेला होता. गणपतीपर्यंत आकडा उतरू लागला, दिवाळीनंतर तिशीच्या आत आला. रम पूर्ण सुटलेली नाही. कोटा वहिनींच्या कपाटात असतो.

याच काळात आणखी एक नियम केला: चिंगीला घेऊन जिथे जाल, तिथे पुढच्या वेळी तिच्याशिवाय जायचं. हर्णैचा लिलाव, बाजार, मुलीच्या शाळेतली पालकसभा. नाहीतर कुत्रं असेल तरच बाहेर, अशी नवी कुबडी तयार होते. शिवाय गावठी कुत्रं जगून जगून बारा-पंधरा वर्षं जगतं, आणि कोकणात बिबट्या, साप, भरधाव ट्रक यांतून वाचलं तर. मेजरांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘फौजेत पण हँडलरला हे पहिल्या दिवशी सांगतात.’ शाळेच्या सभेला ते एकटे गेले, मागच्या बाकावर, दाराजवळ बसले. शिमग्याची पालखी अजून जमलेली नाही.

आता ते दोन महिन्यांतून एकदा येतात. सर्ट्रालिन चालू आहे, प्राझोसिन डॉक्टरांनी थांबवलंय. मध्ये एका रात्री खूप बिघडलं तेव्हा त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला होता. हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, लष्करातल्यांसाठी त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. मी तो प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी लिहून देतो, कुत्रं असो वा नसो.

मेजरांची हकिकत ऐकून मंडणगडकडचे दुसरे एक निवृत्त नायक गेल्या महिन्यात पिल्लू मागायला आले. रोज पितात, घरात हात उगारतात, उपचार सुरू नाहीत. त्यांना मी आधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली, आणि हँडलरच्या घरी त्यांच्याच म्हाताऱ्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा फिरवायला पाठवलं. पिल्लाचं दिवाळीनंतर बघू, असं सांगितलंय. ते रागावून गेलेत, पण फिरवायला जातात असं हँडलर म्हणाले.